'असला तरी' आणि 'असूनही'

परकीय साहित्याच्या मराठी भाषांतरांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा शब्दांभोवती घोटाळते. अमुक खाद्यपदार्थाला काय म्हणावे, तमुक शिवी कशी उतरवावी, तळटीप द्यावी की न द्यावी, हे प्रश्न परिसंवादांत हमखास निघतात आणि त्यांत वेळही बरा जातो. वाक्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या अव्ययांकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. ती जणू भिंतीतला चुना; विटा मोजायच्या तर त्याकडे कशाला पाहा! आमचे म्हणणे याच्या उलट आहे. लेखक काय ठामपणे सांगतो, काय नुसते ऐकून घेतो आणि काय मान्य करूनही धुडकावतो, हे नामांवरून कळत नाही. ते 'पण', 'तरी', 'असूनही' यांवरून कळते. स्पॅनिशमधले साहित्य इंग्रजीच्या वाटेने मराठीत येते तेव्हा सर्वांत मोठी गळती या सांध्यांतच होते. आणि खेदाची गोष्ट अशी की, ती थांबवण्याची साधने मराठीजवळ आयती आहेत.

स्पॅनिशमधल्या एका शब्दापासून सुरुवात करू. 'आउन्के' हा तो शब्द. 'आउन' म्हणजे 'सुद्धा' आणि 'के' म्हणजे 'की' किंवा 'जे'. दोन्ही मिळून झालेल्या या अव्ययाचा अर्थ शब्दकोशात 'जरी' असा मिळतो. समोरच्याचे काहीतरी मान्य करायचे आणि तरीही आपले म्हणणे पुढे न्यायचे, अशा वाक्यांसाठी ते वापरतात. अशा वाक्यांना आपण येथे सोयीसाठी 'कबुलीवाक्ये' म्हणू. गंमत अशी की, या एकाच अव्ययापुढे क्रियापद दोन वेगवेगळ्या अर्थांत, म्हणजे आपल्या व्याकरणातल्या स्वार्थासारख्या आणि विध्यर्थासारख्या रूपांत, येऊ शकते. आणि रूप बदलले की वक्त्याची भूमिका बदलते.

'आउन्के एस मी एर्मानो, नो लो देफिएन्दो.' येथे 'एस' हे स्वार्थाचे रूप आहे. वक्ता सांगतो आहे की, तो माझा भाऊ आहे. ही माहिती ऐकणाऱ्याला नवी असू शकेल, निदान वक्ता ती माहिती म्हणून पुढे ठेवतो आहे. आता 'एस'च्या जागी 'सेआ' हे विध्यर्थाचे रूप घाला: 'आउन्के सेआ मी एर्मानो, नो लो देफिएन्दो.' नवशिक्याला पाठ्यपुस्तक सांगते की, विध्यर्थ आला म्हणजे गोष्ट अनिश्चित. पण या वाक्यात भाऊपणाविषयी तिळमात्र शंका नाही. तो भाऊ आहे हे वक्त्यालाही ठाऊक, ऐकणाऱ्यालाही ठाऊक. किंबहुना ऐकणाऱ्यानेच 'अहो, पण तो तुमचा भाऊ ना!' असे नुकतेच म्हटले असावे. वक्ता ते नाकारत नाही, पुन्हा सांगतही नाही. असेल भाऊ, त्याने काय होते, असा त्याचा सूर आहे. स्वार्थाने वस्तुस्थिती सांगितली जाते. विध्यर्थाने ती बाजूला सारली जाते. ती खरी की खोटी, हा प्रश्न या दुसऱ्या वाक्याच्या दृष्टीने गौणच.

ही निवड स्पॅनिशने राखली आहे, हे तिच्या भगिनीभाषांकडे पाहिले म्हणजे विशेष वाटते. फ्रेंचमध्ये 'बिआँ क' या 'जरी'पुढे प्रमाणभाषेत विध्यर्थच लागतो. पोर्तुगीजमधल्या 'एंबोरा'चीही तीच कथा. गोव्यातल्या ज्या वाचकांच्या घरी आजोबांची पोर्तुगीज पुस्तके असतील त्यांनी ती उघडून पाहावीत. जेथे निवडच नाही तेथे क्रियापदाच्या रूपावरून भूमिका कळण्याचा प्रश्न येत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र प्रत्येक 'आउन्के'पाशी लेखकाला ठरवावे लागते: मी हे सांगतो आहे, की सोडून देतो आहे?

आता मराठीकडे वळू. 'तो माझा भाऊ असूनही मी त्याची बाजू घेत नाही' आणि 'तो माझा भाऊ असला तरी मी त्याची बाजू घेत नाही' ही दोन वाक्ये मोठ्याने वाचून पाहावीत. पहिल्यात भाऊपण ठोस आहे. त्यात आश्चर्याचा, कदाचित थोड्या अभिमानाचाही सूर आहे. दुसऱ्यात भाऊपण गृहीत धरून मागे ढकललेले आहे. आणि हेच 'असला तरी' अनिश्चित गोष्टीलाही चालते: 'उद्या पाऊस असला तरी जाऊ.' म्हणजे निश्चित पण बिनमहत्त्वाचे आणि अनिश्चित म्हणूनच बिनमहत्त्वाचे, या दोन्ही गोष्टी मराठी एकाच रूपाने सांगते. स्पॅनिशचा 'आउन्के'पुढचा विध्यर्थ तंतोतंत हेच करतो. हजारो मैलांवरच्या, वेगळ्या इतिहासाच्या दोन भाषांनी एकच शहाणपण शोधावे, याचा आम्हांला पहिल्यांदा अचंबा वाटला होता, आणि तो अजून पुरता ओसरलेला नाही.

साम्य येथेच थांबत नाही. 'असूनही' या रूपाची फोड केली तर 'असून' हे धातुसाधित आणि त्याला लागलेला 'ही'. स्पॅनिशमध्ये 'आउन' म्हणजे 'ही' आणि त्यापुढे धातुसाधित, अशी रचना रूढ आहे: 'आउन साबिएन्दोलो, कायो', म्हणजे 'ठाऊक असूनही तो गप्प राहिला'. घटक तेच, क्रम तेवढा उलटा. इंग्रजीतून हे वाक्य आले तर त्याचे बहुधा पूर्ण उपवाक्य झालेले असते, आणि मग मराठी भाषांतरकार इमानाने 'जरी त्याला ते ठाऊक होते तरीही तो गप्प राहिला' असे लिहितो. चूक काहीच नाही. फक्त दोन शब्दांचे काम सहा शब्दांनी केले गेले आणि वाक्य लंगडू लागले.

इंग्रजीवर सरसकट खापर फोडण्याचा आमचा हेतू नाही. 'वस्तुस्थिती असूनही' आणि 'तसे घडले तरी' यांसाठी इंग्रजीत दोन वेगळे शब्दप्रयोग आहेतच. अडचण येते ती भावाच्या दुसऱ्या वाक्यापाशी. जाणता इंग्रजी अनुवादक येथे 'मे'चा आधार घेतो. त्या भाषेत 'ही मे बी माय ब्रदर, बट' असे म्हटले की 'असेल भाऊ, पण' हा सूर साधतो. हे वाक्य घाईतल्या मराठी भाषांतरकाराच्या हाती पडले की त्याचे होते: 'तो माझा भाऊ असू शकेल, पण'. म्हणजे बिचाऱ्या निवेदकाला आता आपल्या सख्ख्या भावाच्या भाऊपणाचीच शंका! स्पॅनिशमध्ये शंका नव्हती, इंग्रजीतही नव्हती. ती मराठीत जन्माला आली. असले 'असू शकेल' अनुवादित कादंबऱ्यांत किती सापडतात, हे ज्याने त्याने आपल्या कपाटातले पुस्तक काढून पाहावे.

'पण'ची गोष्ट तर याहून उघड आहे. स्पॅनिशला 'पण' दोन आहेत: 'पेरो' आणि 'सिनो'. पहिला मर्यादा घालतो, दुसरा दुरुस्ती करतो. 'नो एस्तुदिआ, पेरो त्राबाहा', म्हणजे तो शिकत नाही, पण नोकरी करतो. निदान हातावर हात धरून बसलेला नाही, अशी त्याची बाजू घेतलेली आहे. 'नो एस्तुदिआ, सिनो के त्राबाहा', म्हणजे तो शिकत नाही, तर नोकरी करतो. तुमची माहिती चुकीची आहे, ती सुधारून घ्या. पहिल्यात दोन्ही गोष्टी शेजारी नांदतात, दुसऱ्यात एक दुसरीला उठवून तिच्या जागी बसते. जर्मनमध्येही 'आबर' आणि 'झोंडर्न' अशी विभागणी आहे. फ्रेंचमध्ये दोन्हींसाठी एकच 'मे' असल्यामुळे आँस्कोंब्र आणि द्युक्रो या भाषाभ्यासकांनी 1977 मध्ये 'फ्रेंचमध्ये दोन मे आहेत काय?' असा प्रश्न शीर्षकातच विचारून एक निबंध लिहिला, आणि त्यात स्पॅनिश व जर्मनचा दाखला घेतला. मराठीच्या अभ्यासकाला असा निबंध लिहावा लागला नसता. 'पण' वेगळा, 'नसून' आणि 'नव्हे तर' वेगळे, हे आपल्याला तिसरी-चौथीतच येत असते. 'रंग तांबडा नसून निळा आहे' हे वाक्य कोणत्याही मराठी आजीला सुचेल. 'रंग तांबडा नाही पण निळा आहे' हे फक्त इंग्रजी शिकलेल्या नातवाला सुचते. आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हे दुसरे वाक्य अलीकडे वाढते आहे, आणि ते स्पॅनिशच्या वाटेने आलेले नाही हे सांगायला नकोच.

व्युत्पत्तीच्या वाटेने थोडे आडवळण घेण्याचा मोह आवरत नाही. 'पेरो'चे मूळ लॅटिन 'पेर होक' म्हणजे 'यामुळे' यात आहे, असे मानतात. 'यामुळे'चा 'पण' कसा झाला? नकारार्थी वाक्यांतून. 'तो श्रीमंत आहे. यामुळे तो सुखी नाही' याचा अर्थ 'केवळ एवढ्यामुळे तो सुखी ठरत नाही' असा घेतला की विरोध आपोआप आत शिरतो. 'सिन एम्बार्गो' म्हणजे 'अडथळा न येता', 'नो ओब्स्तान्ते' म्हणजे 'आड न येता'. 'आ पेसार दे' यातल्या 'पेसार'चा अर्थ दुःख, मनाला लागणे; एखाद्याला वाईट वाटले तरी, त्याच्या मनाविरुद्ध, असा त्या शब्दप्रयोगाचा जुना अर्थ. आणि मध्ययुगीन कास्तील्यानमध्ये 'आउन्के'चे काम 'मागेर' हा शब्द करीत असे. तो ग्रीक 'माकारिए' म्हणजे 'हे भाग्यवंता' यातून आला असे सांगतात! 'बाबा रे, तुझे भले होवो' असे म्हणत म्हणत माणूस शेवटी आपलेच खरे करतो, हे ज्यांनी आपल्याकडचे घरगुती वाद ऐकले आहेत त्यांना समजावून सांगावे लागू नये. थेर्वांतेसच्या काळापर्यंत हा शब्द जुना झाला होता, तरी 'दोन किहोते'त तो भेटतो, कारण त्या कादंबरीच्या नायकाला जुन्या शूरवीरांच्या ग्रंथांतली भाषाच प्रिय होती.

'दोन किहोते'चा उल्लेख आलाच आहे, तर या ग्रंथाचा एक पैलू कबुलीवाक्यांच्या अंगाने पाहण्याजोगा आहे. 1605 मध्ये निघालेल्या पहिल्या भागाच्या पंचविसाव्या प्रकरणात सांचोला उमगते की, दुल्सिनेआ म्हणजे गावातली आल्दोन्सा लोरेन्सो. तो ती किती धट्टीकट्टी, किती खणखणीत आवाजाची वगैरे सांगू लागतो. दोन किहोते त्यातले काही खोडून काढीत नाही. तिचे कुळ कसेही असो, मला तिच्याकडून जे हवे त्यासाठी ती जगातल्या थोर राजकन्येइतकीच मोलाची, अशी त्याची भूमिका. हा वेडा वास्तव न दिसणारा नाही. या ठिकाणी तरी त्याला ते दिसते आणि तो ते बाजूला ठेवतो. 'शेतकऱ्याची पोर असूनही' ही त्याची भाषा नव्हे. 'शेतकऱ्याची पोर असली तरी' ही त्याची भाषा. भाषांतरकाराने येथे पहिले रूप निवडले तर दोन किहोते तक्रार करणारा, मनातून खट्टू झालेला माणूस होतो. दुसरे निवडले तर तो दोन किहोते राहतो.

'कसेही असो' हे शब्द वर आमच्या लेखणीतून सहज उतरले. कबुलीचा हा तिसरा प्रकार स्पॅनिशमध्ये फार डौलाने चालतो. 'पासे लो के पासे', 'दीगान लो के दीगान': विध्यर्थी रूप दोनदा म्हणायचे आणि मधे 'जे काही'. मराठीत 'काहीही होवो', 'लोक काहीही म्हणोत'. 'येवो', 'होवो', 'म्हणोत' ही ओकारान्त रूपे आपण आशीर्वादासाठी आणि प्रार्थनेसाठी वापरतो, आणि तीच बेपर्वाईसाठीही वापरतो. स्पॅनिशचेही तसेच आहे. 'येवो न येवो' किंवा 'कितीही शहाणा का असेना' यांना तर स्पॅनिशमध्ये अगदी जवळच्या जोड्या आहेत. आणि आपले निबंधकार विषयांतर आटोपताना ज्याचा आधार घेतात त्या एकशब्दी 'असो'लाही स्पॅनिशमध्ये एकशब्दी 'सेआ' आहे. भाषांतरांत मात्र आम्हांला आढळते ते 'काय घडते याची पर्वा न करता' किंवा 'लोक काय म्हणतात हे लक्षात न घेता'. शासकीय परिपत्रकात शोभेल अशी ही भाषा ज्वरात बरळणाऱ्या नायिकेच्या तोंडी घातलेली पाहिली की पुस्तक मिटावेसे वाटते.

शालेय व्याकरणात 'जरी–तरी'ला संकेतबोधक अव्ययांत, म्हणजे 'जर–तर'च्या पंगतीत बसवलेले असते. हे वर्गीकरण यांत्रिक आहे असे आम्हांला पूर्वी कोणी सांगितले असते तर आम्ही होकार भरला असता. स्पॅनिश शिकताना उलट ध्यानात येते की, पंगत बरोबर आहे. कबुली ही अयशस्वी ठरलेली अट आहे. पाऊस पडला तर जाणार नाही, अशी सर्वसाधारण अपेक्षा. 'पडला तरी जाईन' म्हणजे ती अट मी लागू होऊ देत नाही. 'तर'ला एक ईकार लागला आणि अपेक्षा मोडली. म्हणूनच कबुलीवाक्यात समाजाची अपेक्षा दडलेली असते. स्पॅनिशमध्ये 'पोब्रे पेरो ओन्रादो' म्हणजे 'गरीब पण प्रामाणिक' हा रूढ वाक्प्रचार आहे, आणि तो मराठीतही जसाच्या तसा चालतो. गरीब माणूस सहसा अप्रामाणिक, हे कोणी उच्चारले नाही; 'पण'ने उच्चारले. वास्तववादी कादंबरी शिकवताना निवेदकाचे असे 'पण' विद्यार्थ्यांकडून गोळा करून घ्यावेत. त्यावरून निवेदकाचा वर्ग आणि त्याचे पूर्वग्रह जेवढे कळतात, तेवढे प्रस्तावनेवरून कळत नाहीत.

यात साहित्याच्या दृष्टीने खरोखर काय पणाला लागते, हे उनामुनोच्या 'सान मानुएल बुएनो, मार्तिर' या 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लघुकादंबरीवरून स्पष्ट व्हावे. खेड्यातल्या एका धर्मगुरूचा मरणोत्तर जीवनावर विश्वास नाही. तरी तो गावाचा विश्वास जपतो, मरणाऱ्यांना धीर देतो, आणि लोक त्याला संत मानतात. ही कथा आंखेला नावाची स्त्री सांगते, जिला त्याचे गुपित ठाऊक आहे. संबंध कादंबरी एका 'तरी'वर उभी आहे. आता त्याच्या अश्रद्धेविषयी 'श्रद्धा नसूनही' असे लिहिले, तर निवेदिकेने ती अश्रद्धा वस्तुस्थिती म्हणून आपल्यापुढे ठेवली. 'श्रद्धा नसली तरी' असे लिहिले, तर तिने ती मान्य केली, पण निकाल दिला नाही. शेवटी आंखेला ज्या निष्कर्षाकडे झुकते तो असा की, त्याला आपण अश्रद्ध आहोत असे वाटत होते, पण कदाचित तो श्रद्धाळूच मेला. पहिल्या पानापासून 'नसूनही' लिहीत आलेल्या भाषांतरकाराने तिच्यासाठी हा दरवाजा आधीच बंद केलेला असतो. कोणत्या जागी कोणते रूप योग्य, हे मूळ वाक्य पाहूनच ठरवावे लागेल. इंग्रजी आवृत्तीवरून ते ठरवणे म्हणजे बहुतेक अंदाजच.

आमच्या या बोलण्यावर मित्रांचा आक्षेप ठरलेला आहे. इंग्रजीमार्गे का होईना, मार्केस, बोर्खेस, नेरूदा मराठी वाचकाला भेटतात ना? मूळ भाषेचा आग्रह धरलात तर तेही भेटणार नाहीत. हे खरे असले तरी (रूप मुद्दाम निवडले आहे) त्याने प्रश्न सुटत नाही. दुय्यम भाषांतराचा आम्हांला तिटकारा नाही. टागोर स्पॅनिशमध्ये गेले तेही इंग्रजीमार्गेच. सेनोबिया काम्प्रुबी आणि हुआन रामोन हिमेनेस या दांपत्याने 1915 पासून त्यांची पुस्तके स्पॅनिशमध्ये आणली, आणि ती तिकडे मनापासून वाचली गेली. पण त्या जोडीतला एक त्या भाषेतला थोर कवी होता. इंग्रजी वाक्याची बांधणी त्याने आपल्या भाषेवर लादून घेतली नाही. आमची अपेक्षा तेवढीच आहे. मार्ग इंग्रजी असू दे. सांधे मराठी असावेत. आणि शंकेच्या जागी मूळ पान उघडून 'एस' आहे की 'सेआ' एवढे तरी पाहावे. त्यासाठी स्पॅनिशमध्ये पारंगत असण्याची गरज नाही. सहा महिन्यांचा अभ्यास पुरतो. पदव्युत्तर मराठीच्या भाषांतरविषयक प्रश्नपत्रिकेत सिद्धान्तांची नावे विचारण्याऐवजी दहा कबुलीवाक्ये द्यावीत, असे आम्ही अभ्यासमंडळाच्या बैठकीत सुचवून पाहिले आहे. सूचना टिपून घेण्यात आली.

एक गोष्ट स्पॅनिशच्या बाजूनेही सांगायला हवी, नाहीतर सर्व जोड्या बेमालूम जुळतात असा समज व्हायचा. भूतकाळात साम्य तुटते. 'आउन्के एस्तुबिएरा एन्फेर्मो' या उपवाक्यातले विध्यर्थाचे भूतरूप स्पॅनिशमध्ये दोन कामे करते. पुढे 'बेनिआ आ क्लासे' आले तर अर्थ 'आजारी असला तरी वर्गावर यायचा'. तो कधीकधी आजारी असे, ही घडलेली गोष्ट. पुढे 'बेन्द्रिआ' आले तर अर्थ 'आजारी असता तरी आला असता'. आजारपण केवळ कल्पनेतले. मराठीत 'असला' आणि 'असता' हे वेगळे, आणि ते वाक्याच्या आरंभीच वेगळे करावे लागतात. म्हणजे स्पॅनिश लेखकाने वाक्याच्या शेवटापर्यंत राखलेली संदिग्धता मराठी भाषांतरकाराला दुसऱ्या-तिसऱ्या शब्दावरच सोडवावी लागते. लांबलचक वाक्य असेल, मधे स्वल्पविरामांच्या रांगा असतील, आणि लेखकाला ती संदिग्धता हवीच असेल, तर काय करावे? 'आजारी असो वा नसो' हा एक मार्ग सुचतो, पण त्यात बेपर्वाई जरा जास्त होते. उपवाक्य मागे नेऊन 'वर्गावर आला असता, आजारी असता तरी' असे फिरवावे, तर संदिग्धता मुळातच जाते. आमच्यापैकी एकाच्या वहीत अशा एका वाक्याची सात मराठी रूपे आहेत, आणि आठव्याचा शोध चालू आहे.